घरी नसल्याचा डबा

भिमाजी माझा सख्खा चुलतभाऊ. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्याच्या शहाणपणाचा पहिला तडाखा नेहमी मलाच बसायचा. लोणावळ्याला रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर त्यानं अकरा वर्षं पट्टेवाला म्हणून काढली. १९२४ साली साहेब विलायतेला गेला आणि जाताना फाटकावरचा पत्र्याचा डबा याला बक्षीस देऊन गेला. माळ्याला खुर्ची मिळाली, आमच्या नशिबी डबा!

डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'घरी नाहीत'. वर एक फट. नवी गोरी माणसं भेटायला आली की नावाचं कार्ड त्या फटीत टाकून परत जायची. मडम तेव्हा आत आरामखुर्चीत बसलेली असायची. ती आत आहे हे आलेल्याला ठाऊक, आणि त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक. मग आठ दिवसांनी साहेब-मडम त्यांच्याकडे उलट भेटीला जायचे. "याला रीत म्हनत्यात, सोपान," भिमाजी मला ऐकवायचा. आम्ही पडलो अडाणी, आम्ही याला खोटं बोलणं म्हणायचो.

आंदर मावळातल्या आमच्या वीस उंबऱ्यांच्या गावात त्यानं तो डबा दाराला ठोकला. दुपारी हा आत वाकळेवर लोळत पडलेला आणि बाहेर 'घरी नाहीत'. कार्डं कुणाकडं असणार? नथूनं विडीचं थोटूक टाकलं. शेजारच्या बयाबाईनं चिंचोका टाकला. आमचे साहेब संध्याकाळी डबा उघडून सगळं तपासायचे आणि आठ दिवस मोजून, कोट चढवून, थोटकाच्या उलट भेटीला नथूकडं जायचे. नथूची बायको हसून हसून बेजार.

इथवर गंमत होती. पण भिमाजीची धाकटी बहीण मुक्ता डोंगरापलीकडं दिलेली. पोळ्याला कुणाचा बैल पुढं, यावरून मेहुण्याशी वाजलं आणि दहा वर्षं येणंजाणं बंद. भाऊबीजेला हा दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. "तिनं एकदा यावं रं," मला म्हणायचा, "मग बघ कसा पळत जातो."

ती आली. वैशाखातल्या उन्हात, डोंगर चढून, एकटी. मी बाजाराला गेलेलो, वहिनी माहेरी. "दादा, हायेस का?" तिनं तीनदा हाक मारली. बयाबाईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "डब्यात टाक बाई काय ते. त्यो तसाच भेटतो." मुक्तानं पदराची गाठ सोडली, हळदीच्या अक्षता डब्यात टाकल्या आणि आल्या वाटेनं गेली. आणि हा शहाणा आत, श्वास रोखून बसलेला!

मी परतलो तर स्वारी खुशीत. तळहातावर अक्षता. "आली का न्हाई मुक्ती?"

"आरं मुडद्या, तिच्या पोरीचं, कस्तुराचं लगीन हाय! ऊठ, आत्ता जा. कवा हाय ते तरी इचार!"

"आठ दिस थांबायचं. रीत हाय. आनि पोरीच्या पाठीशी मामा उभा ऱ्हायल्याबिगर लगीन लागतंय व्हय? थांबतील."

मी रोज कपाळ बडवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

नवव्या दिवशी आम्ही निघालो. याच्या अंगात कोट, काखेत भाचीसाठी हिरवं लुगडं. पोचलो तर मांडवाचे डहाळे वाळून गेलेले. लग्न पाचव्या दिवशीच लागलं होतं. मामाच्या जागी गावातला बांगडीवाला राजमहंमद उभा राहिला होता. मुक्तानं पाणी दिलं, गूळ दिला, रागाचा एक शब्द नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यात कस्तुरा बाहेर आली. तेव्हाच्या रीतीनं अकराव्या वर्षीच लग्न होऊन माहेरी परतलेली, हातात हिरवा चुडा. मामा भांडून गेला तेव्हा ही पाळण्यात होती. भिमाजीनं लुगडं पुढं केलं, तशी ती एक पाऊल मागं सरली.

"आई, ह्ये पावनं कोन?"

मुक्ता पाण्याचा तांब्या उचलून आत वळली. ओट्यावर बसलेला राजमहंमदच मग उठला. "ह्योच तुजा मामा, पोरी. पाया पड."

ती पडली. परक्या म्हाताऱ्याच्या पडतात, तशी. आणि उठून राजमहंमदच्या मागं जाऊन उभी राहिली.