फडातला तास

माजलगावात आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राच्या एक मॅडम राहतात. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत त्या गप्प बसतात, अगदी भाजीवाल्यासमोरही.

त्यांच्या वर्गातली एक मुलगी कॉलेज सोडून आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली, तेव्हा मला सोबत घेऊन त्या थेट फडात पोचल्या.

"समदं इसरले मी, मॅडम," मुलगी म्हणाली.

मॅडमनी उसाचं पान तिच्या हातात दिलं. "हे कोणत्या गटातलं?" एवढं विचारून त्या गप्प बसल्या.

बऱ्याच वेळानं मुलीनं पान उन्हात धरलं. "शिरा समांतर हायत. एकदल. ज्वारी, बाजरी यांच्याच भावकीतलं."

"आन् तूर?" मोळी बांधता बांधता तिच्या वडिलांनी विचारलं.

"द्विदल, आबा. एका दाण्याच्या दोन डाळी होत्यात न्हाई का?" ती हसली.

वडील कोयता खाली ठेवून जवळ आले. "मॅडम, हिची परीक्षा कवा हाय?"