माठाखालची गांडुळं

त्या आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, राग अजून माझ्या पोटात आहे. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी नाही निवळले. गांडुळांवरून कुणी इतकी वर्षं राग धरतं का, असं माझी लेकसुद्धा विचारते, म्हणून एकदाचं लिहून टाकते. सातवीत मला शाळेतून काढलं, तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर कोकणात, खाडीकाठी. नवरा तिकडे रस्त्याच्या कामावर आला होता, त्यातून सोयरीक जुळली. सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. मी घाटावर, सिद्धेश्वरच्या धरणावर, कामगारांच्या कॅम्पातल्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडले. नवरा कालव्याच्या दारांवर चौकीदार. मला ज्वारीची भाकरी थापता येईना, निम्मी बोली कळेना, आणि जिवाला सतत घोर, आपलं काही चुकलं तर नाही ना.

पहिल्याच वर्षी माझं मूल पोटातच गेलं. मी अंथरुणाला खिळले. कॅम्पामागच्या झोपडीत एक म्हातारे मासे धरणारे राहायचे, सगळे त्यांना बाबाच म्हणायचे. ते रोज पळसाच्या पानात दोन मासे गुंडाळून आमच्या दाराशी ठेवून जायचे. हाक नाही, खाकरणं नाही. त्या माशांच्या कालवणावर मी उठून बसले. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाबांचा उजवा हात खांद्यातून निखळला तो नीट बसलाच नाही. जाळं फेकणं संपलं, उरला गळ. आणि गळाला गांडूळ लागतं. उन्हाळ्यात तिथली काळी जमीन अशी भेगाळते, की कंबरभर खणलं तरी एक गांडूळ हाती लागत नाही. त्यांचा मुलगा नाशिकला कारखान्यात होता. बाप एका हातानं उपाशी मरतोय, लोक माझ्या तोंडात शेण घालतील, म्हणून तो न्यायला टपलेला. शेवटी बापलेकांचं ठरलं: पाऊस लागेपर्यंत बाबांनी गळावर आपलं पोट भरून दाखवलं, तर इथंच राहायचं, नाही तर गाठोडं बांधायचं.

"तिकडं गेलो की संपलो माय," बाबा मला म्हणाले. "तिथं पाणी नळात ऱ्हाते."

त्यांच्या झोपडीतली गांडुळं एकदा उन्हानं गेली, एकदा कोंबड्यांनी खाल्ली. उरलेली मूठभर टोपल्यात घेऊन ते माझ्याकडे आले, सांभाळशील का म्हणाले. मी लगेच हो म्हटलं.

जागा त्यांनीच शोधली. आमच्या ओसरीत तिवईवर पाण्याचा माठ होता. त्याच्याखाली त्यांनी आदल्या वर्षीचं पाझरकं मडकं ठेवलं, बुडाला बारीक भोकं पाडून. वरच्या माठाचं पाणी थेंब थेंब ठिबकायचं, जास्तीचं खाली निघून जायचं. आत पाला, जुनं भुरभुरीत शेण आणि थोडी माती. ताजं शेण घालायचं नाही, ते आतून तापतं. मीठमिरचीचं उष्टं घालायचं नाही. मूठ वळली तर पाणी गळू नये, पण हात ओला व्हावा, इतकीच ओल. वर ओलं पोतं, भोवती मुंग्यांसाठी राखेचं रिंगण. आंबूस वास आला की समजायचं, आता गांडुळं बाहेर निघणार. मग खायला घालणं बंद करून कोरडा पाला मिसळायचा.

मी दिवसातून दहादा पोतं उचलून बघायची. शेवटी बाबा हसून म्हणाले, लेकराला झोपू देशील का नाही. कॅम्पातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. कोकणात असलंच पाळतात का, म्हणून विचारायच्या. मी ऐकून घ्यायची. गांडुळं वाढत होती. पांढरी, धाग्यासारखी पिल्लं दिसायला लागली तेव्हा बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

आखितीला सासू कनेरगाव नाक्याहून आल्या. सणाला नवं मडकं आणायचं, त्यात पितरांचं पाणी भरायचं आणि जुनं बाहेर काढायचं, ही तिकडची रीत. मी त्यांना गांडुळांचं काही सांगितलं नव्हतं. नुसता विषय काढायलाही छाती होत नव्हती. पण मडक्याला हात लावू नका, एवढं नवऱ्याला दोनदा बजावलं होतं. सकाळी मी कालव्यावर धुणं घेऊन गेले. परत येते तो तिवई सारवलेली, नव्या मडक्याला हळदीकुंकू, आणि माझं मडकं अंगणातल्या मुरमावर फुटून पडलेलं. वैशाखाचं ऊन. कोंबड्या तुटून पडल्या होत्या. जी कोंबड्यांना सापडली नव्हती, ती दगडावर चिकटून दोरीसारखी वाळत होती.

मी धुणं तिथंच टाकलं आणि हातांनी माती गोळा करत सुटले. सासू ओसरीतून म्हणाल्या, "पितराच्या पाण्याखाली सडकं मडकं ठिवत असतात का? काढलं मी. काहून रडून राहिली?"

"रडत नाही आत्या. विचारायचं तरी होतं."

"माझ्या लेकाच्या घरात मी इचारू?"

नवरा दारात उभा होता. त्याला माहीत होतं. आईनं मडकं उचललं तेव्हा तो तिथंच होता, हे मला नंतर शेजारणीकडून कळलं. तो म्हणाला, "किड्यापायी सणाच्या दिवशी आईच्या तोंडाला तोंड देऊन राहिली काय?" पुरणाचं ताट मी तसंच झाकून ठेवलं.

डालड्याच्या डब्यात बुडाशी मावतील एवढीच गांडुळं वाचली. तो डबा मी बाबांपुढे ठेवला. ही तरी गळाला लावा, मी म्हटलं. त्यांनी बोटानं माती हलवून पाहिली.

"हे लावायचे न्हाई. बियाणं हाये हे. आणि सासूला काही बोलू नको, तिनं सणाचं केलं."

त्यांनासुद्धा राग आला नाही, याचा मला जास्त राग आला. तो त्यांच्या वाट्याचाही मलाच धरावा लागला.

पुढे ते कणकेचे गोळे लावून बसले. मासे कणीक टोचून खायचे आणि जायचे. मी भाकरी द्यायचे, पण पोट माझ्या भाकरीवर भरलं तर ते पैजेत धरायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं. ढग जमायच्या आधी मुलगा आला. बापाची फासळी दिसत होती, त्याचं तरी काय चुकलं? बाबा एसटीत बसले आणि धरणाकडे पाठ करून बसले. ते परत आले नाहीत.

डबा माझ्याकडेच राहिला. मी दुसरं मडकं आणलं आणि ते ओसरीत नाही, आत खोलीत चुलीपासून लांब, माझ्या अंथरुणाच्या उशाशी ठेवलं. त्या मातीवर परसात वांगी अशी लगडली की कॅम्पातल्या नाक मुरडणाऱ्या बायका बी मागायला आल्या.

दोन वर्षांनी सासूही म्हणाल्या, माझ्या वांग्याला ती काळी माती थोडी दे. मी दिली, टोपलंभर. पण आधी उन्हात बसून चाळणीतून चाळली, एकेक गांडूळ, बाबांचं बियाणं, बोटानं उचलून मडक्यात परत टाकलं, आणि मग दिली. सासू समोर बसून बघत होत्या. किडे आहेत म्हणून निवडतेस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो.