बाकी सवडीने

हिंगोलीच्या बाजारात शिलाई मशीनच्या दुकानावर पाटी होती: ‘दहा रुपये द्या, मशीन घरी न्या. बाकी सवडीने.’ ती आक्काला मीच वाचून दाखवली. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर साखऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. मी शाळेत मास्तर. तिला अक्षरओळख नव्हती.

“सवडीनं म्हंजे रं?”

“आपल्याला जमेल तसं.”

गळ्यातली चांदीची सरी मोडून तिनं मशीन घेतलं. दुकानदारानं उर्दूत छापलेला कागद पुढं केला. मला उर्दू येत होतं. पण तो म्हणाला, “मास्तर, पाटीवर हाय तेच हाय.” तिनं अंगठा दिला, मी न वाचताच साक्षीदार म्हणून सही केली.

पहिल्याच हप्त्याला त्यानं आमचे रुपये परत सरकवले. “हे हाली. आमाला कलदार लागतेत.” निजामाच्या हाली रुपयापेक्षा इंग्रजांचा कलदार महाग. पाटीवर नुसतं ‘रुपये’ होतं. आक्कानं वरचा फरकही मुकाट भरला.

दीड वर्ष ती चोळ्या, परकर, बंड्या शिवत होती. मग मुदतीच्या तापानं दोन महिने अंथरुणाला खिळली. ते हप्ते मला भरता आले असते. पण मी दुकानात जाऊन ऐटीत सांगून आलो, “सवडीनं देऊ.” तो मान हलवून हसला.

आठवड्यानं त्याची दोन माणसं गाडी घेऊन आली. सुईखाली अर्धवट शिवलेला परकर तसाच होता. आक्का भिंतीला धरून उठली. “अरं, परकर लोकाचा हाय! तेवढा तरी काढू द्या.” त्यांनी तो ओढून काढला, तेव्हा टरकन फाटला.

मी तणतणत दुकानात गेलो. त्यानं कागद समोर टाकला. “वाचा, मास्तर.”

मशीन भाड्यानं दिलेलं होतं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी दुकानाची. एक जरी हप्ता चुकला तर मशीन परत, भरलेले पैसे बुडीत. चार हप्ते राहिले होते.

“मग पाटीवर ‘सवडीने’ काहून लिवलं?” रागाच्या भरात मी घरची भाषा बोलून गेलो.

“सवड कोणाची, ते कुठं लिवलंय?”

अंगात बळ आल्यावर आक्का बाजारच्या दिवशी त्या पाटीखाली जाऊन उभी राहिली. थांबेल त्या बाईला सांगायची, “बाई, आधी कागद वाचून घ्या.” त्यानं हाकललं तरी हलली नाही. असे तीन बाजार झाले. चौथ्या बाजाराला पाटी नवी होती: ‘अगदी सोप्या हप्त्यांनी.’ खाली बायकांची गर्दी होती.

आक्का पुढं हातानंच शिवत राहिली. मला एका शब्दानं बोलली नाही. पण कुठला कागद आला की पदरात बांधून गल्लीच्या टोकाला टपालवाल्याकडून वाचून घ्यायला जायची, आणि शाळेतून येताना ती मला तिथं उभी दिसायची.