ओठाच्या कडेनं

घोडपदेवच्या चाळीतल्या खोलीत ट्रॉम्बोन वाजवायचा म्हणजे आधी दार उघडावं लागायचं. त्या बाजाची सरकती नळी पुरी पुढे ढकलली की मांडणीवरच्या पातेल्यांना तरी लागायची, नाहीतर दोरीवरच्या लुगड्यात तरी अडकायची. म्हणून राजाराम सकपाळ दाराकडे तोंड करून बसायचा आणि खालचे सूर लावताना नळी थेट गॅलरीत काढायचा. येणारी-जाणारी माणसं सवयीनं वाकून पुढं जायची.

राजाराम लालबागच्या एका गिरणीत रिंगखात्यात कामाला होता. उंच, हडकुळा, लांब हातांचा. हातांमुळंच हा बाजा त्याच्या गळ्यात पडला. वस्तीतल्या तरुणांनी बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी स्वतःचा बँड उभा करायचं ठरवलं, तेव्हा पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले बाबुराव मास्तर शिकवायला तयार झाले. भायखळ्याच्या जुन्या बाजारातून मोडकीतोडकी वाद्यं आली. कॉर्नेटवर सगळ्यांच्या उड्या पडल्या. ट्रॉम्बोनकडं कुणी बघेना. मास्तरांनी राजारामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सकपाळ, हा तुझ्याच मापाचा आहे. घे."

पहिल्या दिवशी त्यातून रेडा हंबरल्यासारखा आवाज निघाला आणि सगळे हसले. राजाराम मात्र हसला नाही. असा आवाज आपण काढू शकतो, याचंच त्याला नवल वाटलं होतं. दिवसभर साच्यांच्या घरघरीत त्याला स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही.

घरात मात्र या बाजाचं बस्तान कुणाला बसू द्यायचं नव्हतं. बायको सुंदरा गिरणीतच वाइंडिंगला होती. दोघं एकाच वेळी कामावर जायची आणि एकाच वेळी परत यायची. पण परत आल्यावर नळाची रांग, स्वयंपाक, धुणं हे सगळं तिच्याकडं आणि नवरा निघाला व्यायामशाळेत बाजा फुंकायला. तिनं भांडण केलं नाही. एके दिवशी तान्ह्या बकुळाला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "जा की. पण हिला घेऊन जा. मला दोन्ही हात मोकळे लागतात."

तेव्हापासून राजाराम एका खांद्यावर पोर आणि दुसऱ्या खांद्यावर बाजा घेऊन सरावाला जाऊ लागला. ट्रॉम्बोनची पेटी उघडली की आत जुनं मखमल होतं. त्यावर दुपटं घालून तो बकुळाला निजवायचा. बाकीच्यांनी आधी चेष्टा केली, मग कुणी ना कुणी पेटीवरच्या माश्या वारायला लागलं. ढोल वाजला तरी पोर हलायची नाही. सराव थांबला की मात्र दचकून उठायची.

राजारामचे वडील गुणाजी, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते या बाजाबद्दल चकार शब्द काढत नसत. राजाराम वाजवायला बसला की ते काठी घेऊन उठायचे आणि जिना उतरून खाली पारावर जाऊन बसायचे. धाकटी बहीण कांता सांगायची, "दादा, तू बंद केलंस की मी आबांना हाक मारते. तोवर ते वर येत नाहीत."

त्यामागं काय होतं ते राजारामला ऐकून माहीत होतं. खेडकडच्या त्यांच्या गावात शिमग्याला देवीची पालखी निघायची. पालखीपुढं शिंग फुंकायचं काम सकपाळांच्या घराकडं. पालखी अंगणात जायची, शिंगवाला बांधाबाहेर उभा राहायचा. लग्नातही तेच. वाजवायचं मांडवाबाहेर आणि जेवायचं सगळी पंगत उठल्यावर, लांबून टाकलेलं. गावकीची कामं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं ते गुणाजींच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी शिंग नेऊन खोताच्या ओट्यावर ठेवलं आणि बायकोपोरांना घेऊन मुंबईची बोट धरली. त्यानंतर त्यांनी वाजवण्याचं नाव काढलं नाही. आता मुलगा आपल्या हौसेनं तेच करतोय, हे त्यांना कसं सोसावं कळत नव्हतं.

छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गिरण्या बंद पडल्या, रस्त्यारस्त्यांवर माणसं उतरली. राजाराम त्या दिवशी लालबागच्या नाक्यावर घोषणा देणाऱ्या गर्दीत उभा होता. अश्रुधुराची नळकांडी फुटली आणि गर्दी एकदम मागं वळली. डोळ्यांपुढं काही दिसेना. मागून रेटा आला आणि राजाराम बंद दुकानाच्या लोखंडी जाळीवर तोंडावर आपटला. उठला तेव्हा सदरा रक्तानं भिजला होता आणि वरचे समोरचे दोन दात जाग्यावर नव्हते. दवाखान्यात ओठाला टाके घातले.

त्या दिवसांत माणसं गोळीबारात जिवानिशी गेली होती. दोन दात गेले म्हणून कुणाकडं रडणार? टाके निघाल्यावर राजारामनं दार उघडलं, बाजा तोंडाला लावला आणि फुंकलं. दातांच्या खिंडीतून नुसती हवा गेली. ओठाला मागून आधारच नव्हता. पुन्हा जोर केला तर ओठ चिरला आणि माउथपीसवर रक्त आलं. त्यानं बाजा पुसला, पेटीत घातला आणि पेटी खाटेखाली सरकवली.

जयंती जवळ आली, तसा मास्तरांचा निरोप घेऊन बँडमधला एक जण दारात आला. बाजा बँडचा होता आणि दुसऱ्या कुणाला तरी शिकवणं भाग होतं. राजारामनं खाली वाकून पेटी ओढायला घेतली. सुंदरा चुलीपुढं बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "राहू दे ती पेटी."

"अगं, त्यांना लागणार आहे."

"मास्तरांना म्हणावं, या एप्रिलला नाहीतर पुढच्या एप्रिलला हे वाजवतील. बाजा इथंच राहील."

तो माणूस गोंधळून गेला. राजारामही गोंधळला. तो माणूस गेल्यावर राजाराम म्हणाला, "तुला तर कटकट वाटत होती ना त्याची?"

"वाटते की. अजून वाटते." ती भाकरी थापत राहिली. "पण गेले दोन महिने तुम्ही कामावरून येता आणि भिंतीकडं बघत बसता. त्यापेक्षा ती कटकट परवडली."

मास्तरांनी बाजा मागितला नाही. पण वाजणार कसा, हा प्रश्न होताच. एका रविवारी दुपारी, घरात कुणी नाही असं बघून राजारामनं पेटी काढली. आबा खाली पारावर असतील अशी त्याची समजूत होती. ते गॅलरीत भिंतीला टेकून बसले होते. हवा जाण्याचा फसफस आवाज त्यांनी बराच वेळ ऐकला. मग उठून आत आले आणि मुलासमोर बसले.

"मधी नको धरूस," ते म्हणाले.

राजारामनं बाजा खाली घेतला.

"मधी दात नाय तर मधी कशाला धरतोस? कडंला धर. उजव्या बाजूचे दात हायत ना तुझे? तिथं धर आणि गाल आत वढून घे. फुंकू नको, थुंकल्यासारखं कर. ओठावर तीळ बसलाय आणि तो उडवायचाय, तसं."

"आबा, तुम्हाला कसं..."

"शेवटची चार-पाच वर्सं मी तसंच वाजवलं. बैलानं शिंग मारलं व्हतं तोंडावर. पालखी थोडीच थांबणार माझ्या दातासाठी?"

राजारामनं माउथपीस ओठाच्या उजव्या कडेला नेला आणि सांगितलं तसं केलं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. मग एक बारीक, थरथरता सूर निघाला आणि लगेच विझला. आबांनी मान हलवली. "व्हईल," म्हणाले आणि काठी घेऊन नेहमीसारखे खाली निघून गेले.

व्हायला वर्ष लागलं. सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं. मान वाकडी करून वाजवायची सवय, नळीचा नवा कोन, ओठावर नवा घट्टा. त्या वर्षात पुष्कळ काही झालं. ऑक्टोबरात नागपूरला दीक्षा झाली. आबा तिथं जाऊन आले आणि घरातले देव देव्हाऱ्यातून उतरले. डिसेंबरात दादरच्या किनाऱ्यावर अलोट गर्दीत बँडमधले सगळे वाद्यांशिवाय उभे राहिले आणि एकमेकांशी न बोलता चालत घरी आले. त्यानंतर कित्येक दिवस व्यायामशाळेचं दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "आता आपण नीट वाजवायला पाहिजे. चुकतमाकत चालायचं नाही."

सत्तावन्नच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्रासाठी लढणाऱ्या समितीच्या प्रचारफेऱ्या निघाल्या तेव्हा घोडपदेवचा बँड पुढं होता आणि त्यात वाकड्या मानेनं वाजवणारा राजाराम होता. बकुळा आता चालत होती. सुंदरा तिला कडेवर घेऊन फुटपाथवरून बँडच्या बरोबरीनं परळपर्यंत गेली. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमचे कुठले?" तर म्हणाली, "तो वाकडा." मग स्वतःच हसली.

त्या फेरीनंतर आबांनी मुलाला जवळ बसवून सांगितलं, "वाजव. माझं काय म्हणणं नाय. पण लोकांच्या दाराबाहेर उभं राहून वाजवायचं नाय. आणि माझ्या घरच्या लग्नात वाजंत्री नको. ते मला बघवणार नाय."

राजारामनं कबूल केलं. हे कबूल करणं तीन वर्षांनी आडवं आलं.

साठ सालच्या एप्रिलात कांताचं लग्न ठरलं. मुलगा शिवडीच्या गोदामात मुकादम होता, जगदीश नावाचा, शांत स्वभावाचा. लग्न बौद्ध पद्धतीनं शिवडीच्या चाळीपुढच्या मैदानात, एक मेला, संध्याकाळी. आठवड्याभरानं लालबागच्या समितीची माणसं मास्तरांकडं आली. महाराष्ट्र राज्य होतंय, एक मेला दुपारी मोठी मिरवणूक आहे आणि घोडपदेवचा बँड पुढं पाहिजे. ज्या नाक्यावर दात गेले तिथूनच ती मिरवणूक जाणार होती.

राजारामनं मास्तरांना आपल्याला जमणार नाही असं सांगितलं. घरी येऊन काही बोलला नाही. पण सुंदराला दुसऱ्या बायकांकडून कळलंच आणि तिनं ते कांताला सांगितलं. कांता सरळ आबांपुढं जाऊन बसली.

"दादा मिरवणुकीत वाजवेल आणि तिथून सगळा बँड घेऊन माझ्या लग्नाला येईल."

"वाजंत्री नको म्हणून सांगितलंय मी."

"वाजंत्री कुठं? माझा भाऊ आहे तो, आणि बाकीचे आपल्याच चाळीतले. त्यांना मी आमंत्रण दिलंय. पाहुणे म्हणून."

आबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. कांतानं ते हो धरलं.

एक मेला लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्यांतून गुलाल पडत होता, माणसं अनोळखी माणसांना पेढे भरवत होती. मिरवणूक पावला-पावलानं सरकत होती. राजाराम वाजवत होता आणि मधेच उन्हाकडं बघत होता. नाक्यावर पोचायलाच ऊन उतरलं. ती जाळी अजून तिथंच होती, पण तिच्याकडं बघायलाही त्याला सवड झाली नाही. बाबुराव मास्तर मागं वळले, त्याचा चेहरा पाहिला आणि काठी उंचावून त्यांनी सगळा बँड उजवीकडच्या गल्लीत वळवला. समितीचा एक कार्यकर्ता धावत आला. "मास्तर, कुठं चाललात?"

"लग्नाला," मास्तर म्हणाले. "तुमच्याकडं आता दुसरे दोन बँड आहेत. तिथं आमच्याशिवाय कुणी नाही."

लालबागपासून शिवडीपर्यंत ते झपाझपा चालत गेले, न वाजवता, नुसतेच, वाद्यं खांद्यावर टाकून. मैदान दिसल्यावर मास्तरांनी इशारा केला आणि बँड सुरू झाला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. विधी त्यांच्यासाठी थांबवून ठेवला होता. सुंदरा मांडवाच्या दारातच वाट बघत उभी होती.

बँड वाजत मांडवाच्या कनातीपर्यंत आला आणि तिथं थांबला. कुणी थांबा म्हटलं नव्हतं. पायच थांबले. वाजवणारे बाहेर आणि लग्न आत, अशी सगळ्यांच्या अंगात मुरलेली ती जागा होती. आबा पुढच्या रांगेतून उठले. काठी टेकत कनातीजवळ आले. गुलालानं माखलेल्या त्या माणसांकडं, मान वाकडी करून उभ्या असलेल्या मुलाकडं त्यांनी पाहिलं. राजारामला वाटलं, आता परत जायला सांगतील.

"भाईर कशाला उभे?" आबा म्हणाले. "आत या. आत येऊन वाजवा."

त्यांनी स्वतः कनात हातानं वर धरली. एकेक जण वाकून आत आला. ढोलवाल्याला आत यायला अवघड गेलं, तेव्हा आबांनी दुसऱ्या हातानं बांबूही बाजूला ओढला. नवरा-नवरीच्या समोर सतरंजीवर जागा करून दिली. तिथं बँडनं एकच गत वाजवली, हळू, मास्तरांनी जयंतीसाठी बसवलेली. राजारामच्या बाजाचा खालचा सूर मांडवभर राहिला. मग वाद्यं खाली ठेवून सगळे बसले, त्रिशरण झालं, पंचशील झालं, कांता आणि जगदीशनं एकमेकांना हार घातले.

पहिली पंगत बँडची बसली. आबा वाढायला उभे होते. राजारामच्या पानात त्यांनी दुसऱ्यांदा जिलबी वाढली आणि बकुळा येऊन बापाच्या मांडीवर बसली, गुलालाच्या हातांनी त्याच्या पानातलं उचलू लागली. सुंदरा मागून म्हणाली, "मास्तर विचारतायत, पुढच्या रविवारी वरळी कोळीवाड्यात बोलावणं आहे. जमेल का?"

"तुला गिरणीत पाळी आहे ना रविवारची? साफसफाईची?"

"आहे की."

"मग बकुळाला नेतो बरोबर."

"पेटीत नाही मावायची ती आता," सुंदरा म्हणाली आणि आबांच्या हातातलं जिलबीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडं वळली.

आबा तिथंच रेंगाळले. जरा वाकून मुलाच्या कानाशी म्हणाले, "चांगलं झालं. पण त्या ढोलवाल्याला सांग, तुझा बाजा खाली जातो तेव्हा त्यानं हात आवरावा. ऐकू यायला पाहिजे तो."