यादीत नसलेला शालू

माझ्या मोबाइलमध्ये एक यादी आहे. बारावीत असताना ती वहीच्या शेवटच्या पानावर सुरू झाली आणि हातात फोन आल्यावर तिथून इकडे आली. तिचं नाव ‘घ्यायचंय’. त्यातलं प्रत्यक्ष घेतलं फार थोडं, पण उघडते रोज. कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, गॅसवर दूध ठेवून उभी असताना. काही खोडते, काही वाढवते, खोडलेलं पुन्हा लिहिते. दूध बऱ्याचदा उतू जातं.

यादीत खिसेवाला सुती कुर्ता आहे. खिसे दोन्ही बाजूंना हवेत आणि त्यांत फोन अख्खा मावला पाहिजे. अर्धा बाहेर डोकावणारा खिसा शिवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. शेवाळी रंगाचं जॅकेट आहे. पांढरे बूट आहेत, एक जोड घेऊन झाला तरी पुन्हा लिहिलेले, आणि ते लगेच मळतात हे मला माहीत आहे, कुणी सांगायची गरज नाही. मोठ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं, पुरुष वापरतात तसलं घड्याळ आहे. बारीक काठाची राखाडी साडी तर पहिल्या पानापासून आहे. मला असलेच रंग आवडतात, शेवाळी, राखाडी, विटकरी. माझी आई त्यांना मळके रंग म्हणते. एका दिवाळीला मी राखाडी ड्रेस शिवून घेतला, तर तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली की नवा घेतलास तर नवा दिसेल असा तरी घ्यायचा.

माहेर माझं श्रीगोंद्याकडचं, उसातलं गाव. नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. मी क्वालिटीला आहे. दिवसभर एकेक भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि चांगला असला तर इकडे, नसला तर लाल डब्यात टाकायचा. कंपनीचा गणवेश म्हणजे निळा शर्ट आणि राखाडी पॅन्ट. पॅन्टला चार खिसे, सगळे खरेखुरे. लग्नाआधी मी दोन मैत्रिणींबरोबर सुप्यातच खोली घेऊन राहायचे. शनिवारी संध्याकाळी त्या पॅन्टमध्ये गावात उतरले तर म्हातारी माणसंसुद्धा कौतुकाने बघायची, पोरगी कंपनीत आहे म्हणायची. रविवारी तशीच पॅन्ट, फक्त माझ्या पैशाने घेतलेली, घालून दळण घेऊन निघाले की आई दारातच अडवायची. मापात मला काही फरक दिसायचा नाही. मी वाद घालायचे, आई दळणाचा डबा काढून घ्यायची आणि स्वतः निघून जायची.

लग्न ठरलं ते सुप्याजवळच्याच गावात. मुलगा दुसऱ्या कंपनीत, स्वभावाने शांत. पहिल्या भेटीत त्याने माझ्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि तो हसला. त्या हसण्यावर मी होकार दिला असं म्हटलं तर माझ्या आईला झीट येईल, पण ते बरंचसं खरं आहे. मग बस्त्याचा दिवस ठरला.

आमच्याकडे लग्नाचे कपडे दोन्ही घरं एकत्र जाऊन एकाच दुकानात घेतात, त्याला बस्ता म्हणतात. नवरीचे कपडे नवऱ्या मुलाकडचे घेतात, नवऱ्या मुलाचे नवरीकडचे. म्हणजे ज्याने घालायचे त्याने फक्त बसायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, कितीतरी बस्त्यांना मी भेळ खाऊन आले होते. तरी त्या आठवड्यात मला झोप लागेना. वर्षानुवर्षं मी यादी करत आले आणि ज्यात आयुष्यातले सगळ्यात जास्त फोटो निघणार तो कपडा दुसरंच कुणीतरी घेणार. एवढंच असतं तर गिळून टाकलं असतं. पण मला वाटत होतं की तिथे मी गप्प बसले तर त्या घरात कायमची गप्प बसेन. मग जॅकेट, बूट, सगळं खोडूनच टाकावं. मी ठरवलं होतं की काय ते दुकानातल्या गादीवर कळेल.

नगरच्या कापडबाजारातल्या त्या दुकानात खाली साड्या आणि वर पुरुषांचे कपडे. आधी सगळे वर गेलो. माझ्या मामाने सोनेरी कलाबुतीची शेरवानी निवडली. नवरा मुलगा ती घालून आरशासमोर उभा राहिला आणि खरं सांगायचं तर बँडवाला दिसत होता. त्याला ते कळत होतं. आरशातून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला राहवेना. घ्यायचं आमच्याकडच्यांनी, तेव्हा बोलायचा हक्क माझाच होता. मी मामाला म्हटलं की ही नको, साधा मोतिया रंगाचा कुर्ता आणि वर जाकीट बघू. बायका हसल्या, आतापासूनच लगाम हातात घेतला म्हणाल्या. कुर्ता घेतला गेला. त्याचे खांदे एकदम खाली आले. जिना उतरताना तो हळूच ‘वाचवलंस’ म्हणाला.

खाली आल्यावर गादीवर साड्यांचा ढीग पडला. माझी सासू, म्हणजे तेव्हा व्हायची होती ती, पुढे बसली. बुटकी, सावळी, कमी बोलणारी बाई. बाकीच्या बायका हे बघा ते बघा करत होत्या आणि ती नुसती हात फिरवून कपडा बाजूला सारत होती. मग एका शालूवर तिचा हात थांबला. गडद डाळिंबी, वीतभर सोनेरी काठ. सेल्समनने तो स्वतःच्या खांद्यावर टाकून पदर दाखवला. मग माझ्या अंगावर टाकला. आरशात बघितलं तर मी कुठेच नव्हते, नुसता शालू उभा होता. मी नवऱ्या मुलाकडे पाहिलं. आता बोलायचा हक्क त्याच्या घराचा होता, आणि मघाशी मी त्याला वाचवलं होतं. सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो म्हणाला, “आई म्हणेल तो.”

हे मी त्याला अजून ऐकवते. भांडण कशावरही असो, शेवटी गाडी तिथेच येते.

सासूने मला विचारलं, आवडला का. या प्रश्नाला नवरीने मान खाली घालून ‘तुम्ही घ्याल तो’ म्हणायचं असतं. प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात, उत्तरासाठी कुणी थांबतही नाही. सेल्समन तर शालूची घडी घालायलाही लागला होता. मी ‘नाही’ म्हटलं. शेजारी बसलेल्या आईने मला असा चिमटा काढला की चार दिवस वळ होता.

गादीवरच्या बायकांची तोंडं उतरली. दिवसाला शेकडो भाग मी लाल डब्यात टाकते, त्यांतल्या एकाचंही तोंड असं उतरत नाही. सासू माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग तुला कोनती पायजे, ती दाव.”

मी ढिगात हात घातला आणि खालून दोनच मिनिटांत एक शेवाळी साडी ओढली. बारीक काठ, मऊ पोत. हिरव्यातलाच रंग असल्यामुळे अशुभ म्हणायची कुणाची सोय नव्हती. सासूने ती हातात घेतली, पोत बघितला आणि सेल्समनला सांगितलं, “ही बांधा. अन् तो शालू बी बांधा.”

परतीच्या वाटेवर आई माझ्याशी बोलली नाही. मी जिंकले होते आणि मला अजिबात बरं वाटत नव्हतं. तो शालू बांधून घेतला तो कशाला? लग्नात एका विधीला नेसवतील, मला वाटलं. नाही नेसवला. सत्यनारायणाला देतील म्हटलं, तेव्हाही नाही दिला. लग्नानंतर आठवडाभराने सासूच्या कपाटातून चादरी काढताना तो दिसला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सगळ्यात वर.

मग तो माझ्या डोक्यातून जाईना. मला वाटायचं, माझ्या त्या एका ‘नाही’ची आठवण म्हणून तो तिथे ठेवलाय. चिडवायला येणारी नणंद नव्हती, टोमणे मारणारं कुणी नव्हतं, आणि त्यानेच मी जास्त हैराण व्हायचे. रविवारी मुद्दाम जीन्स घालून अंगणात फिरले. सासूने पाहिलं आणि भांडी घासायला बसली. संध्याकाळी मीच जाऊन विचारलं की असलं घातलेलं चालतं ना. ती म्हणाली, तुला बरं वाटतंय ते घाल. आता या वाक्याचं काय करायचं? हो म्हणावं, नाही म्हणावं, माणसाने भांडायला जागा तरी द्यावी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, आईचं असंच असतं, तू उगाच डोकं फिरवून घेतेस. मी यादीत भराभर भर घालत गेले. त्या चार महिन्यांत ती नको तेवढी लांबली. कधीच न आवडलेल्या वस्तूसुद्धा लिहिल्या, मोठ्या फुलांचा स्कर्ट वगैरे, नुसतं कुणीतरी नको म्हणावं म्हणून.

भाद्रपदात गौरी आल्या. त्या घरात दोन गौरी उभ्या करतात, थोरली आणि धाकटी, आणि दोघींना दरवर्षी नवी साडी. आदल्या दिवशी सासूने कपाट उघडलं आणि तो शालू काढला. मी मनात म्हटलं, आलं. गौरीला नेसवलेली साडी नंतर घरातल्या बाईने प्रसाद म्हणून नेसायची असते आणि प्रसादाला नाही म्हणता येत नाही. बाईने चार महिने वाट बघून बरोबर पेचात धरलं होतं. राग आला, पण खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकही वाटलं.

सासू म्हणाली, थोरलीला हा नेसवू, धाकटीची तू आण, तुझ्या मनानं. मीही इरेला पेटले. सुप्याच्या बाजारातून राखाडी साडी आणली, बारीक रुपेरी काठाची, माझ्या पहिल्या पानावरची. नेसवताना मला वाटत होतं की आता तरी ती काही बोलेल. तिने निऱ्या धरल्या, टाचण्या दिल्या, बोलली काहीच नाही. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईने धाकटीकडे बघून विचारलं की असला राखेचा रंग कुणी आणला. मी तोंड उघडणार तेवढ्यात सासू म्हणाली की आमच्या सुनेची आवड आहे. म्हणाली आणि त्या बाईच्या ओटीत नारळ घातला.

तिसऱ्या दिवशी गौरी गेल्या. आम्ही दोघी खाली बसून साड्यांच्या टाचण्या काढत होतो. मी शालूची घडी घालून मांडीवर घेतली, आता तोंडदेखलं का होईना ‘छान आहे’ म्हणायचं असं ठरवून. सासूने तो माझ्या मांडीवरून उचलला आणि राखाडी साडी माझ्याकडे सरकवली.

ती शालूवर हात फिरवत म्हणाली, “थोरलीची माझ्याकडं येती, धाकटीची सुनंकडं. आमच्यात पयल्यापासून तसंच हाय.”

मी विचारलं की मग तो माझ्यासाठी घेतला नव्हता का. तिने आधी दाराकडे पाहिलं.

“तुझ्यासाठीच घेत हुते. लई वर्सांपासून डोळ्यात हुता ह्यो रंग. माझ्या बस्त्याला सासूनं पिवळी काढली, मी मान खाली घालून बसले. पोराच्या लग्नात सासूनं सोतालाच शालू घेतला असं कसं दिसलं असतं? तू न्हाई म्हनलीस तवा बरंच वाटलं मला. थोरलीच्या नावानं ठिवला.”

मला स्वतःचीच लाज वाटली आणि तिचा रागही आला. चार महिने मी रात्रीची कूस बदलत होते. एका वाक्याचं तर काम होतं. पण ते वाक्य तिला म्हणता आलं नव्हतं, आणि मला माझं म्हणता आलं होतं, तेही तिने विचारलं म्हणून.

मी उठून दार लावलं आणि म्हटलं, आई, नेसा आत्ताच. ती नको नको करत उठली. निऱ्या मी घातल्या. डाळिंबी रंग तिच्या सावळ्या गळ्याशी असा बसला की मी पदर लावायचा थांबले. तो शालू कधी माझा नव्हताच, मापालासुद्धा. ती आरशासमोर उभी राहिली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि तिथून हलेना. मी फोटो काढला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून काठ बघितला, मग चेहरा बघितला, मग पुन्हा काठ.

फोन हातातच होता. मी यादी उघडली, खाली गेले आणि नवीन ओळीवर ‘आई’ असं लिहिलं. विचारलं, अजून काय घ्यायचंय? ती म्हणाली, मला काय घ्यायचंय आता, मला काही नको. मी फोन बंद केला नाही, तशीच थांबले. बाहेर नवरा दार का लावलंय म्हणून विचारत होता, त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

ती शालूचा पदर खांद्यावर नीट करत आरशातच बघत म्हणाली, “एक चप्पल. टाचंची.” आणि मी लिहीपर्यंत थांबून, “लई उंच नको.”