मुसफ्फात लपलेला राजपुत्र

रशियाच्या राजघराण्यात किती लोक आपापल्या अंथरुणात, म्हातारपणी, नॉर्मल मेले ते मला विचारा. विचाराच! कारण नववीत असताना मी त्या अख्ख्या घराण्याची वंशावळ चार्टपेपरवर काढली होती, आणि जो मारला गेला त्याच्याभोवती लाल गोल. माझं लाल स्केचपेन वंशावळ अर्ध्यावर असतानाच संपलं.

आता तुम्ही म्हणाल, दुबईत राहणाऱ्या मराठी पोरीला झारच्या खानदानाचं काय पडलंय? तर ऐका. आम्ही अल मनखूलला राहायचो आणि बाबा देऱ्याच्या बाजारातल्या एका ट्रेडिंग कंपनीत होते. नव्वदच्या दशकात देऱ्यात रशियन गिऱ्हाइकांची नुसती झुंबड असायची. चौकड्यांच्या मोठमोठ्या पिशव्या भरून टीव्ही, फर कोट, वाट्टेल ते घेऊन जायचे. त्यातल्या एका बाईने बाबांना एक जाडजूड इंग्लिश पुस्तक गिफ्ट दिलं. पानापानाला फोटो, चित्रं आणि मध्ये घडी उघडून बघायची वंशावळ. बाबांनी ते माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "घे. राजेलोक कसे असतात बघ."

मी बघितलं. बापरे! एका राणीने नवऱ्याला गादीवरून खाली खेचलं आणि थोड्याच दिवसांत तो कैदेत मेला, म्हंजे मारलाच. तिच्या मुलाला त्याच्याच बेडरूममध्ये, त्याच्याच सरदारांनी स्कार्फने गळा आवळून मारलं, आणि त्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा त्याच महालात होता! त्याला कट माहीत होता! बॉम्बने एकाच्या पायांच्या चिंधड्या झाल्या. आणि शेवटच्या कुटुंबाला तर तळघरात नेऊन गोळ्या घातल्या, मुलींच्या कपड्यांत हिरे शिवलेले होते म्हणून गोळ्या उडून परत येत होत्या, मग संगिनी काढल्या. हे सगळं मी जेवताना सांगायचे. आई म्हणायची, "अगं घास तरी गिळू दे." आणि दादा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, रोज शाळेतून आल्यावर चार्टसमोर उभा राहून विचारायचा, "हाय प्रिन्सेस, टुडे हू डाइड?"

मला वाटायचं, राजे लोकच असले. आपल्याकडे कुठे.

म्हंजे आपल्याकडे पट्टा होता. बाबा पट्ट्याला हात घालायचे आणि आई उठून टीव्हीचा आवाज वाढवायची. दोन्ही एकदम, कोणी कोणाला न सांगता. शेजाऱ्यांनी ऐकलं तर पोलीस, पोलीस आले तर नोकरी, नोकरी गेली की खलास, सामान बांधा. म्हणून आमच्या घरात मार पडताना कायम कुठल्यातरी हिंदी सीरियलमधली बाई मोठमोठ्याने रडत असायची. दादा स्वतः आवाज काढायचा नाही. मार फक्त त्यालाच. मला बाबांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं, मी 'घरातली लक्ष्मी' होते.

बारावीच्या प्रिलिममध्ये दादा फिजिक्समध्ये नापास झाला. तेवढंच सांगितलं असतं तर नुसता पट्टा. पण त्याने वर सांगितलं, "बाबा, आय डोन्ट वॉन्ट इंजिनियरिंग. मला गाड्यांचं काम शिकायचंय."

"गॅरेजवाला होणार?" बाबा म्हणाले. अगदी हळू. "मी इथे वाळवंटात रक्त आटवतोय, आणि माझा मुलगा लोकांच्या गाड्यांखाली झोपणार?"

"झोपणार नाही. काम करणार."

हे ऐकून मला हसू आलं होतं, खरंच. मग बाबांनी त्याचा हात धरून पिरगाळला आणि तो दाराच्या चौकटीवर आपटला, पुन्हा आपटला, आणि टीव्हीच्या एवढ्या आवाजातही मला तो कडकन आवाज ऐकू आला. दादा खाली बसला. त्याचं मनगट चुकीच्या दिशेला वळलेलं. हॉस्पिटलमध्ये आईनेच सांगितलं, "जिन्यावरून पडला." डॉक्टरने दादाकडे बघितलं, दादाने जमिनीकडे.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "बास. याचा व्हिसा कॅन्सल. नाशिकला पाठवतो भाईंकडे."

भाई म्हंजे बाबांचे मोठे भाऊ. भाईंनी स्वतःच्या मुलाला खांबाला बांधून काठीने मारलं होतं, त्या मुलाला एका कानाने ऐकू येत नाही. घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबा तर कौतुकाने सांगायचे, शिस्त म्हंजे भाईंची.

दुसऱ्या दिवशी दादा शाळेत गेला आणि परत आलाच नाही.

आई वेडीपिशी. पण संध्याकाळी बाबा यायच्या आधी फोन वाजला. आईच्या माहेरच्या गावचा, चिपळूणकडचा एक माणूस अबुधाबीला मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागात वेल्डर होता, कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये राहायचा. आईच्या गावचा म्हणून आम्ही त्याला मामा म्हणायचो. तो म्हणाला, "ताई, पोरगा माझ्याकडं आहे. जेवला. हाताला फ्रॅक्चर आणि तोंडाला कुलूप. विचारलं तर म्हणतो जिन्यावरून पडलो. कसला जिना हो ताई तुमचा, पट्ट्याचे वळ उठवतो तो?"

आईने फोन ठेवला. आणि बाबांना सांगितलंच नाही!

बाबा दोन-तीन दिवस आरडाओरडा करत फिरले आणि मग एकदम गप्प झाले. गुरुवारी ऑफिसमधून लवकर आले. आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे बसले, गणपतीच्या पायांवर हात ठेवला आणि रडले. बाबा! रडले! म्हणाले, "याच्यासमोर सांगतो, त्याला हात लावणार नाही. कुठे पाठवणार पण नाही. तुम्हाला माहितीये तो कुठे आहे. फक्त घरी आणा."

आईचा चेहरा असा उजळला की बस. आणि मी घाबरले, कारण हे मी वाचलं होतं!

मी आईला ओढत किचनमध्ये नेलं. "आई, तो एक झार होता ना, उंच, ज्याने दलदलीत नवी राजधानी बांधली? त्याचा मुलगा पळून गेला होता. दुसऱ्या देशाच्या सम्राटाकडे लपला होता, सेफ होता. बापाने माणूस पाठवून देवाची शपथ घेतली, ये, शिक्षा करणार नाही. तो आला. मग त्याला किल्ल्यात कोंडलं, चाबकाने फोडून काढलं, तो तिथेच मेला. आणि आई, दुसऱ्या दिवशी बापाने जुन्या लढाईच्या विजयाचा समारंभ केला!"

"अगं ती रशियातली माणसं."

"शपथ सेम आहे."

"तुझे बाबा काय राजे आहेत का?"

"नाहीत. पण आपले पासपोर्ट त्यांच्याकडे असतात, ऑफिसच्या लॉकरमध्ये."

आईने पदर सावरला. मग म्हणाली, "गणपतीच्या पायाला हात लावलाय त्यांनी," आणि बाहेर जाऊन सांगितलं, मुसफ्फा, मामाकडे.

बाबा चटकन हसले. म्हणाले, "मग काय, मी त्याच्या गावचा जावई आहे. मला नाही म्हणेल का तो?"

शुक्रवारी जेवून निघालो. आई पिशवी डिकीत ठेवायला गेली तर बाबांनी डिकी उघडूच दिली नाही. बाबा नको तेवढे गोड होते. वाटेत ज्यूस घेतला, जोक्स सांगितले. मी मागे बसून एकाच गोष्टीचा विचार करत होते. त्या राजपुत्राने परत यायच्या आधी अटी घातल्या होत्या, मला आवडत्या मुलीशी लग्न करू द्या, गावाकडे शांत राहू द्या. बापाने सगळ्याला हो म्हटलं. पण ते सगळं परत गेल्यावर मिळणार होतं. हातात काही मागितलंच नाही त्याने! काहीच नाही!

कॅम्पच्या गेटवर मामा उभाच होता. सुट्टीचा दिवस, आंघोळ करून कडक इस्त्रीचा शर्ट. जावईबापू आले म्हटल्यावर एकाने आतून खुर्ची आणली, दुसऱ्याने ती टॉवेलने पुसली, चहा आला, पहिला कप बाबांना. सगळे "दाजी, दाजी" करत होते. सावलीत कॅरम खेळणारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. बाबा पाय पसरून बसले. मला ते चित्र बघून वाटलं, झालं, आपला हा सम्राट मामाही मुलाला परत देणार.

दादा बाहेर आला. प्लॅस्टर काळं पडलेलं, त्यावर कोणीतरी बॉलपेनने हिंदीत काहीतरी लिहिलेलं. बाबा उठले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "चल बाळा. झालं ते झालं."

दादाने आईकडे बघितलं. आईने मान हलवली, जा. तो पुढे निघाला.

आणि मी म्हणाले, जोरात, सगळ्यांसमोर, "बाबा, दादाचा पासपोर्ट त्याच्या हातात द्या. आत्ता."

मी आपलं म्हणायला म्हटलं! मला वाटलं बाबा म्हणतील, लॉकरमध्ये आहे, उद्या देतो, तेवढ्यात दादा थांबेल तरी. पण बाबांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. ऑफिसच्या लॉकरमधला पासपोर्ट सुट्टीच्या दिवशी खिशात! म्हंजे गुरुवारी ऑफिसमधून निघतानाच काढला होता. म्हंजे गणपतीच्या पायांवर हात ठेवला तेव्हा तो खिशातच होता.

"आज विमान आहे ना?" आई म्हणाली. तिचा आवाज ओळखूच आला नाही. "म्हणून डिकी उघडू देत नव्हतात. बॅग आहे त्यात."

बाबांनी मला मारलं. उलट्या हाताने, अंगठीचा हात. मी कॅरमबोर्डावर पडले, सोंगट्या उडाल्या, तोंडात रक्ताची चव आली. पुन्हा हात उठला तो तसाच वर राहिला, कारण मामाने मनगट धरलं होतं.

"दाजी, माफ करा," मामा म्हणाला आणि हात पिरगाळला. "दाजी, पाया पडतो तुमच्या, हात खाली घ्या." आणि अजून पिरगाळला.

"गावच्या जावयावर हात टाकतोस? तुझी कंपनी कुठली आहे सांग! एक फोन करीन, यल्ला, चला, सगळे घरी!"

बाबांनी मामाच्या पोटात गुडघा घातला. मामा वाकला, बाबा सुटले, आणि माझ्या दिशेने आले. मधे दादा उभा राहिला. त्याने प्लॅस्टरचा हात फिरवला तो सरळ बाबांच्या नाकावर. आवाज ओळखीचाच होता. बाबा गुडघ्यावर बसले, नाकातून धार, पांढरा शर्ट छातीपर्यंत लाल. दादाने पुन्हा हात उचलला. त्याचा चेहरा, मी खोटं नाही सांगत, हुबेहूब बाबांसारखा झाला होता. तो थांबलाच नसता. कॅम्पच्या चौघांनी मिळून त्याला मागे खेचलं. तो ओरडत होता, "लीव्ह मी! लीव्ह मी!" एवढ्या वर्षांत मार खाताना कधी न काढलेला आवाज सगळा एकदम बाहेर आला.

आई गेली आणि तिने बाबांच्या खिशातून पासपोर्ट काढला. आत तिकीट होतं, मुंबईचं. बाबा नाक धरून म्हणाले, "भाई येणार आहे एअरपोर्टवर त्याला घ्यायला. काय चुकलं माझं? सुधारायला पाठवतोय."

"तो जाईल," आई म्हणाली. "बारावी तिकडे करील, नाही तर गाड्या शिकेल. पण भाईंकडे नाही, माझ्या बहिणीकडे."

"मी सांगेन तिथे जाईल."

"हॉस्पिटलमध्ये मी खोटं बोलले. पोलिसात खरं बोलेन. इथून पोलीस स्टेशन लांब नाही, हा सोडेल मला."

मामाने पोट धरूनच मान हलवली.

बाबांनी खुर्ची पुसलेला टॉवेल उचलून नाकाला दाबला. आईने मामाकडचं फोनकार्ड घेतलं आणि गेटजवळच्या फोनवरून ठाण्याला मावशीला फोन केला. "ताई, पहाटे एअरपोर्टवर जा. माझे दीर पण येणार आहेत. त्यांच्या आधी दारात उभी राहा."

दुबईच्या एअरपोर्टपर्यंत गाडी मामाच्या एका मित्राने चालवली, खलिफा सिटीच्या बाजूने. बाबा त्याच्या शेजारी, नाकाला टॉवेल. आम्ही तिघं मागे. माझा ओठ सुजून केळ्याएवढा. दादा हळूच म्हणाला, "तुझा तो प्रिन्स, काय केलं बापाने शेवटी?"

"मारलं."

"ओके," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "मग थँक्स."

त्या रात्री कोणी झोपलं नाही. सकाळी मावशीचा फोन आला आणि ती एका दमात बोलत सुटली, "आलाय, आलाय! तुझा दीर आधीच येऊन उभा, पोराचा दंडच धरला गं त्याने. मी म्हटलं सोडा. तो म्हणे घरचा मामला आहे. मी पर्सच घातली डोक्यात! पोलीस बघायला लागले तसा सोडला. टॅक्सीत कोंबलं आणि काच वर केली. आता अंघोळीला गेलाय. काय अवस्था केलीये गं पाठीची!"

आईने फोन ठेवला. बाबा डायनिंग टेबलाशी बसले होते, नाक फुगलेलं, दोन्ही डोळ्यांखाली निळं.

"पोचला का?"

"पोचला," आई म्हणाली. "तिथे फोन करायचा नाही."

बाबांनी मान हलवली. आणि केला नाही.