वायरीच्या तुकड्यांचा डबा

माझ्या ताईचा राग नाकावर असतो, असं सगळे म्हणतात. साफ चूक. नाकावर माझा असतो. तिचा पोटात असतो, आणि तो वर्षानुवर्षं तिथेच मुक्काम ठोकतो.

चाकांवरचा, धान्य वाळवायचा ड्रायर ट्रॅक्टरला जोडून गावोगाव नेतो तो मी, तिचा धाकटा भाऊ. तो बिघडला की दुरुस्त करते ती. चोपन्न वर्षांची आहे. गळ्यात दोरीने मल्टिमीटर अडकवून फिरते, म्हणून लोक तिला मीटरताई म्हणतात. मला मीटरताईचा भाऊ म्हणतात. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी. भावजी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या शेजारी बसून ती हे काम शिकली, आणि ते गेल्यावर दुकानाला कुलूप न लावता मोठ्या यंत्रांकडे वळली.

तिच्या हत्यारांच्या पेटीत एक पत्र्याचा डबा आहे. त्यात वायरीचे बोटभर तुकडे. त्याचं असं आहे, की ड्रायरमधली हवा ठरलेल्या अंशांवर गेली की एक सेन्सर बर्नर बंद करतो. घाईतल्या माणसाला हे खपत नाही. तो सेन्सर काढतो आणि त्याच्या दोन वायरी एका तुकड्याने जोडून मोकळा होतो. मग यंत्राला वाटतं, सगळं आलबेल आहे. असला तुकडा सापडला की ताई तो उपटते, त्याला चिठ्ठी बांधते, चिठ्ठीवर जोडणाऱ्याचं नाव लिहिते आणि डब्यात टाकते. ‘दीडशहाणे’ हे त्या डब्याचं नाव. मी त्यावर पोट धरून हसायचो.

यंदा गावच्या शेडमध्ये बियाण्याचा मका वाळवायला आला. साठ घरांचं पुढच्या पेरणीचं बियाणं, त्यात ताईचंही. बियाण्याला त्रेचाळीस अंशांवर जाऊ द्यायचं नाही. दाणा दिसायला तसाच राहतो, पण आतून मरतो. आणि ड्रायर दर दहा मिनिटांनी बंद पडायला लागला. यंत्राच्या पडद्यावर एकच ओळ: हवा तापली. बाहेर ओल्या मक्याचा ढीग वाफाळत होता आणि शेडचा कारभार बघणारे साहेब माझ्या डोक्यावर मिरे वाटत होते.

“सेन्सर गेलाय, दुसरं काय!” साहेब म्हणाले. या माणसाने आयुष्यात स्क्रू पिळलेला नाही.

ताईने यंत्राचं झाकण उघडलं. सेन्सर काढला, पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरशेजारी सोडला, मीटरच्या पिना लावल्या आणि खालून शेगडी पेटवली. मीटर ‘पीं’ करत राहिला. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसला गप्प झाला. तिने पुन्हा केलं. तरी त्रेचाळीस. मग सगळी वायर बोटांनी चाचपली, हलवून पाहिली. कुठे तुटलेली नाही, उंदराने कुरतडलेली नाही.

“सेन्सर खरं बोलतोय,” ती म्हणाली. “हवा खरोखरच तापतेय.” तिने जाळीच्या पत्र्यावर बॅटरीचा झोत टाकला. भोकांमध्ये कणसाचा भुसा गच्च बसला होता. वारा निघायला वाट नाही, मग आत कोंडून तापणार नाही तर काय? सेन्सर जागेवर बसवून ती म्हणाली, “घरून लांब दांड्याचा ब्रश आणते. तोवर हात लावू नका.”

ती वळली तसे साहेब माझ्याजवळ आले. “अरे, बाईमाणूस, उगाच घाबरते. तुला येतंच की सगळं. का अजून ताईला विचारूनच पाणी पितोस?”

काय सांगू! तेवढ्यावर माझी अक्कल गहाण पडली. साहेबांचा राग यायला हवा होता, आला तिचा. मीटरताईचा भाऊ! मी तुकडा कापला आणि दोन वायरी जोडल्या. ड्रायर पाऊण तास एका दमात चालला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मला बरं वाटलं. आज त्या थोपटण्याची आठवण आली की तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई ब्रश घेऊन दारात आली आणि थबकली. आवाजावरूनच ओळखलं तिने. दाण्यांत हात घातला, चटकन मागे घेतला आणि मेन स्विच खाली ओढला. ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो.

मका सोन्यासारखा दिसत होता. “बघा, कसा खडखडीत वाळलाय!” साहेब म्हणाले. तिने त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी फडकं उलगडलं. नऊ दाण्यांना कोंब होते. बाकीचे गलेलठ्ठ फुगून कुजले होते.

दुपारी शेडमध्ये साठ घरांची माणसं जमली. साहेबांनी काखा वर केल्या. “सेन्सर खराब होता. मीटरताईंनी तपासून चांगला म्हणून सांगितलं. आता यावर मी काय बोलणार?” सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. एक म्हातारी म्हणाली, “तुझ्यावर विसंबलो होतो गं बाई.” ताईचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत तिच्या मीटरवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. आणि मी मूग गिळून खांबाला टेकून बसलो होतो.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेटी उघडली, डबा काढला. त्यातून माझा तुकडा घेतला. त्याची चिठ्ठी कोरी होती. सहा दिवस तिने ती कोरीच ठेवली होती. तुकडा आणि पेन तिने माझ्या मांडीवर ठेवलं.

“लिही,” ती म्हणाली. “मला नाही लिहवत.”

मी माझं नाव लिहिलं. खाली साहेबांचं लिहिलं.

“आता उभा राहून वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

मी उभा राहिलो.